ग्रूव्ह मेटलच्या पहिल्या अल्बममध्ये एवढा जोर कुठून येतो?

प्रश्न थोडक्यात असा: जड ग्रूव्ह मेटल (मंद लयीचं, ठेक्यावर मान डोलवणारं मेटल संगीत) वाजवणाऱ्या बँडचा पहिला अल्बम अनेकदा त्यांच्या नंतरच्या, जास्त खर्चाच्या अल्बमपेक्षा अंगावर येतो. असं का होतं? आणि पहिला अल्बम रेकॉर्ड करायला निघालेल्या बँडने तो जोर आणायचा कसा?

गिटारचा सूर कुठे सुरू होतो यावर सगळे मेहनत घेतात. ग्रूव्ह मेटलचा जोर मात्र तो सूर कुठे तुटतो यावर ठरतो. चार-पाच जण एकाच क्षणी थांबले तर मधली शांतता धक्का देते. एकाची तार जरा जास्त घुमली की ती शांतता भरून जाते आणि रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) साधा, मंद वाटू लागतो. पहिल्या अल्बममधली गाणी सहसा वर्ष-दोन वर्षं सरावात आणि मंचावर घासून निघालेली असतात, त्यामुळे हे एकत्र थांबणं सगळ्यांच्या हातात बसलेलं असतं. दुसऱ्या अल्बमची गाणी बऱ्याचदा स्टुडिओची तारीख ठरल्यावर लिहिली जातात. ती लिहून होतात, पण हातात मुरलेली नसतात.

उदाहरणासाठी मशीन हेडचा ‘बर्न माय आइज’ घ्या. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा हा बँड १९९१ मध्ये सुरू झाला आणि हा पहिला अल्बम ऑगस्ट १९९४ मध्ये रोडरनर रेकॉर्ड्सने काढला. निर्माता होता कॉलिन रिचर्डसन. गायक-गिटारवादक रॉब फ्लिन त्याआधी व्हायोलन्स या थ्रॅश (अतिवेगवान मेटल) बँडमध्ये वाजवत होता. ही बाब महत्त्वाची आहे, कारण भरधाव थ्रॅश वाजवून तयार झालेला उजवा हात जेव्हा अर्ध्या लयीत येतो तेव्हा त्याच्याकडे वेळ उरतो. पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) प्रत्येक आघात पूर्ण ताकदीने पडतो, तळहात वेळेवर तारांवर येतो, आणि लय मंद असूनही हात सैल पडत नाही. ‘डेव्हिडियन’ या पहिल्याच गाण्याची सुरुवात ड्रमवर होते आणि मग रिफमध्ये जाड, तळहाताने दाबलेल्या सुरांनंतर एकदम किंचाळणारा हार्मोनिक, म्हणजे त्याच तारेचा शिट्टीसारखा वरचा सूर, येतो. खालच्या पट्टीतला घट्ट आघात, लगेच वरचा चिरणारा सूर, त्यात क्रिस कॉन्टोसचे ड्रम्स. कानाला मध्ये भरपूर मोकळी जागा मिळते आणि पुढचा आघात त्या जागेतच तयार होतो.

‘पहिला अल्बम’ हा शब्द या प्रकारात थोडा फसवा आहे, हेही लक्षात घ्या. पँटेराचा १९९० चा ‘काऊबॉईज फ्रॉम हेल’ लोक सुरुवातीचा धरतात, पण तो त्यांचा पाचवा स्टुडिओ अल्बम. लॅम्ब ऑफ गॉड या नावाने निघालेला पहिला अल्बम २००० सालचा ‘न्यू अमेरिकन गॉस्पेल’, पण बहुतेक तीच मंडळी त्याआधी बर्न द प्रीस्ट या नावाने एक अल्बम करून बसली होती. म्हणजे ज्याला आपण पदार्पण म्हणतो त्यामागे बरीच वर्षं एकत्र वाजवलेलं असतं. तुमचा बँड सहा महिन्यांचा असेल तर स्टुडिओचे दिवस वाढवण्यापेक्षा सरावाचे महिने वाढवा.

आता लय. थ्रॅश साधारण १८० ते २२० बीपीएममध्ये (मिनिटाला इतक्या मात्रा) धावतं, ग्रूव्ह मेटलचे मुख्य रिफ बहुधा ८५ ते १३० मध्ये बसतात. ९६ बीपीएमला एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग, म्हणजे सोळांश, सुमारे १५६ मिलिसेकंदांचा. १९२ ला तोच सोळांश ७८ वर येतो. आता हे खालच्या सुराशी जोडून बघा. बास गिटारची खालची बी तार सुमारे ३०.९ हर्ट्झला कंपते, म्हणजे एका कंपनाला ३२ मिलिसेकंद लागतात. ७८ मिलिसेकंदांत त्या सुराची जेमतेम अडीच कंपनं होतात. कानाला ठोका कळतो, सूर कळत नाही. १५६ मिलिसेकंदांत जवळपास पाच कंपनं मिळतात आणि तळ ऐकू येऊ लागतो. खालची पट्टी आणि मंद लय या प्रकारात हातात हात घालून आल्या त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. म्हणूनच तारा अजून दोन स्वर खाली उतरवल्या आणि लय तीच वेगवान ठेवली, तर गाणं जड होण्याऐवजी गढूळ होतं. पट्टी खाली नेली की रिफमधले सूर कमी करा.

रिफ रचताना चार मात्रांच्या आवर्तनात सोळा सोळांश मिळतात. ते चार-चारच्या गटात भरले तर कवायतीची चाल होते. ३+३+३+३+२+२ असे भरा, स्नेअर (कडक आवाजाचा हाताने वाजवायचा ड्रम) मात्र तिसऱ्या मात्रेवर अढळ ठेवा. गिटार आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पुढे-मागे डोलतात, स्नेअर खुंटीसारखा उभा राहतो आणि सम आली की सगळे एकत्र आदळतात. मान आपोआप हलते ती याच ओढाताणीने. सात सोळांशांचा रिफ चार मात्रांवर फिरवला तर तो सात आवर्तनांनी समेवर परत येतो. ऐकायला छान वाटतं, पण पहिल्या अल्बममध्ये हे एखाद्याच गाण्यात करा. आणि चौथ्या आवर्तनाच्या शेवटी रिफ कापून समेवर आणा, कारण ऐकणाऱ्याला सम हरवली की ग्रूव्ह तिथेच संपतो.

किकने गिटारचा प्रत्येक सूर वाजवायचा नसतो. ही चूक फार सर्रास होते. डबल पेडल आहे म्हणून प्रत्येक दाबलेल्या सुराखाली किक भरली जाते आणि सगळे आघात एकाच वजनाचे होतात. खालच्या मोकळ्या तारेचे आघात किकला द्या. वरचे कॉर्ड स्नेअरबरोबर किंवा नुसत्या झांजेबरोबर सोडा. डबल बास आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेसाठी किंवा कडव्यानंतरच्या उचलीसाठी राखून ठेवा. ओपन हाय-हॅट सतत वाजवली तर तिची सरसर गिटारच्या ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर बसते आणि पिकचा आघात झाकला जातो. कडव्यात हॅट अर्धी मिटून वाजवा, क्रॅश मोजके ठेवा आणि जिथे रिफ तुटतो तिथे झांज हाताने पकडून बंद करा. गिटार थांबली आणि झांज घुमतच राहिली तर तुम्ही कमावलेली शांतता वाया गेली.

तारा आणि सुराच्या बाबतीत बहुतेक बँड घाई करतात. मशीन हेडची ड्रॉप बी पट्टी खालून वर बी, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प अशी आहे, आणि ‘बर्न माय आइज’ मानक सुरापेक्षा किंचित वर लावलेला आहे. त्यामुळे ट्यूनर ४४० हर्ट्झच्या मानक सुराला ठेवून त्याच्याबरोबर वाजवायला बसलात की सूर जुळत नाही. दोष तुमच्या कानाचा नसतो. तुमच्यासाठी मुद्दा असा की २५.५ इंच स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंत तारेच्या लांबीच्या) गिटारवर बी पट्टीसाठी सहावी तार ०.०६० ते ०.०६४ इंचांची लागते. नेहमीची ०.०४६ ची तार तिथपर्यंत उतरवली तर ती फ्रेटवर फडफडते आणि जोरात मारल्यावर क्षणभर सूर वर उडी मारतो. जाड तार लावल्यावर नटची खाच कानशीने रुंद करावी लागते, नाहीतर तार खाचेत अडकते आणि कडकड आवाज करत सूर सोडते. मग गिटारच्या मानेचा वाक ठरवणारा ट्रस रॉड बघा आणि बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा राहणं) जुळवा. तिथे बोटाने दाबून वाजवलेला सूर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा वर असेल तर सॅडल मागे, खाली असेल तर पुढे. पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर चुंबक जाड तारेला ओढतो आणि सूर थरथरतो, तेव्हा खालच्या तारेकडची बाजू थोडी उतरवा.

रेकॉर्डिंगच्या वेळी तार हलक्या हाताने छेडून सूर लावू नका. गाण्यात जेवढ्या जोरात मारता तेवढ्याच जोरात मारा आणि आघाताच्या पहिल्या क्षणाला ट्यूनर काय दाखवतो ते बघून लावा. जोराने मारलेली तार सुरुवातीला १०-२० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर असते आणि मग खाली बसते. दाबलेले सूर एवढे तोकडे असतात की ऐकू येतो तो फक्त हा वर गेलेला भाग. प्रत्येक टेकनंतर सूर तपासा. कंटाळवाणं आहे, पण दोन गिटार आणि बास यांच्यात पाच-सात सेंटचा फरक पडला तरी जाड कॉर्ड लहरू लागतात, आणि मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना) ते कशानेही निस्तरता येत नाही.

गेनबद्दल, म्हणजे अँपमध्ये आवाज किती फाडायचा त्याबद्दल, एवढंच सांगतो की सरावाच्या खोलीत जेवढा ठेवता त्याच्या दोन तृतीयांश ठेवून सुरुवात करा. गेन म्हणजे एक प्रकारचं दाबकाम. जास्त गेनने हळू आणि जोराचा आघात सारखाच ऐकू येतो आणि तार सोडल्यावर आवाज उशिरा मरतो. म्हणजे आपल्याला हवी ती शांतता आधी अँपच खाऊन टाकतो. पीव्ही ५१५० सारख्या अँपच्या लीड चॅनेलवर प्री-गेन ४ ते ५ पुरे. त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल लावा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल जवळपास पूर्ण, टोन मध्यावर. हा पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी ढकलतो, त्यामुळे अँपच्या आत तळाचा चिखल होत नाही आणि पिकची टोकदार सुरुवात पुढे येते. नॉइज गेट (सूर थांबला की उरलेला आवाज बंद करणारं यंत्र) जरूर लावा, पण हाताचं काम गेटवर सोडू नका. उजव्या हाताचा तळवा आणि डाव्या हाताची मोकळी बोटं मिळून तारा बंद करायला शिकलेली असतील तरच गेट स्वच्छ वाजतो. गेटचा रिलीज (बंद व्हायला लागणारा वेळ) ५० ते ८० मिलिसेकंदांपासून सुरू करा. फार कमी ठेवला तर सुराची शेपटी कात्रीने कापल्यासारखी वाटते.

स्पीकरपुढे साधा डायनॅमिक माइक, शुअर एसएम५७, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, मधल्या टोपीच्या कडेला ठेवा. टोपीच्या मध्याकडे सरकवलात तर आवाज चिरका, बाहेर नेलात तर मंद. एका सेंटिमीटरने फरक पडतो, म्हणून एकाने हेडफोन लावून ऐकावं आणि दुसऱ्याने माइक हळूहळू सरकवावा. ईक्यूने (वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करत) अर्धा तास झगडण्यापेक्षा इथे दहा मिनिटं द्या. सोबत डीआय ट्रॅकही, म्हणजे अँपविना थेट गिटारचा आवाज, घ्या, म्हणजे पुढे अँप बदलून पुन्हा रेकॉर्ड करायची सोय राहते.

प्रत्येक रिफ दोनदा वेगळा वाजवायचा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच ट्रॅक कॉपी करून काही मिलिसेकंद सरकवला तर तो रुंद वाटतो, पण दोन्ही बाजू मोनोत एकत्र आल्या की काही स्वर एकमेकांना मारतात आणि गिटार पोकळ होते. चार ट्रॅक घेण्याचा मोह होतो. ग्रूव्हसाठी दोन घट्ट ट्रॅक चारपेक्षा बरे, कारण चार हातांचे सुरांचे शेवट जुळवणं फारच कठीण. दोन आघात २०-३० मिलिसेकंदांच्या पलीकडे सरकले की कानाला ते वेगळे ऐकू येतात, आणि शेवट त्याहून जास्त सरकला तरी वादकाच्या लक्षात येत नाही, कारण त्याचं लक्ष पुढच्या आघाताकडे असतं. म्हणून टेक तपासताना गिटारच्या दोन्ही ट्रॅकचे शेवट मुद्दाम ऐका. एका बाजूचा सूर लोंबकळत असेल तर तेवढा भाग पुन्हा वाजवा.

हे शेवट जुळवायचा सराव अँपविना करा. दोघे गिटारवादक आणि बासवादक एका खोलीत, वाद्यं न जोडता, क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) लावून बसा. अँपचा गोंगाट नसला की प्रत्येकाची पिक कधी पडते आणि तळहात कधी येतो हे उघडं पडतं. आधी फक्त आघात जुळवा, मग रिफमधल्या रिकाम्या जागा तोंडाने मोजून जुळवा. त्यानंतर लय वीस बीपीएमने कमी करा. मंद लयीत ज्यांचा रिफ कोलमडतो त्यांचा मूळ लयीतला रिफही खरं तर नुसता रेटलेला असतो.

बासवादकाला बऱ्याच बँडमध्ये गिटारची सावली समजतात, आणि तळ तिथेच जातो. बास आघाताला गिटारबरोबरच असला पाहिजे, पण काही ठिकाणी गिटार तुटल्यावर त्याला अर्धी मात्रा अधिक धरू द्या. गिटारचा पडदा बाजूला होतो आणि खालून बास एकटा गुरगुरतो. हे कुठे करायचं ते आधी ठरवा, चुकून होऊ देऊ नका. रेकॉर्डिंगमध्ये बासचे दोन भाग करा. २०० हर्ट्झच्या खालचा भाग स्वच्छ आणि कंप्रेसरने (जास्त मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्राने) घट्ट बांधलेला, त्याच्या वरच्या भागावर डिस्टॉर्शन. ७०० हर्ट्झ ते दीड किलोहर्ट्झमधली कुरकुर ठेवा, लहान स्पीकरवर बास ओळखू येतो तो तेवढ्यामुळे. बास तारा नव्या हव्यात. जुन्या तारांची चमक गेली की डिस्टॉर्शनला चावायला काही उरत नाही.

ड्रम्ससाठी क्लिक हवा, पण पूर्ण गाणं एकाच आकड्यावर बांधू नका. आधी बँडने क्लिकविना वाजवलेलं सरावाचं रेकॉर्डिंग मोजा. बहुतेक वेळा ध्रुवपद (कोरस) दोन ते चार बीपीएमने वर गेलेलं आणि ब्रेकडाऊन (गाण्यातला मंद, जड भाग) तेवढंच खाली आलेलं दिसतं. तोच नकाशा क्लिकला द्या. स्नेअर पाच-दहा मिलिसेकंद मागे पडत असेल आणि प्रत्येक वेळी तेवढाच पडत असेल, तर ती चूक नाही, तीच त्या वादकाची चाल आहे. सगळे ठोके संगणकावर क्लिकच्या ग्रिडला चिकटवले की ही चाल नाहीशी होते आणि यंत्र वाजवतंय असं वाटतं. दुरुस्त करा ते अधूनमधून घसरलेले ठोके. स्नेअरचं वरचं कातडं दर दोन-तीन गाण्यांनी बदला, किकच्या आत उशी घाला आणि बीटर आदळतो तिथे कडक पॅच चिकटवा म्हणजे आघाताची टकटक मुळातच मिळते.

मिक्समध्ये तळाची वाटणी आधी करा. किकचा गाभा ६० हर्ट्झच्या आसपास ठेवा, टकटक ४ ते ५ किलोहर्ट्झवर. बासला ८० ते १२० द्या. गिटार ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापा. एकटी गिटार ऐकली तर ती बारीक वाटेल आणि तुमचा गिटारवादक नाराज होईल, पण बास जोडून ऐकवा, त्याची खात्री पटेल. दाबलेल्या सुरांवर १०० ते २५० हर्ट्झमध्ये एकदम फुगवटा येतो. तिथे साधा ईक्यू लावला तर मोकळे कॉर्डही पातळ होतात, म्हणून फक्त त्याच पट्ट्यावर मल्टिबँड कंप्रेसर (निवडलेला पट्टाच दाबणारा) लावा आणि सूर फुगतील तेव्हा तीन-चार डेसिबल दबतील एवढाच ठेवा. ४ किलोहर्ट्झच्या जवळ कुठेतरी शिट्टीसारखा आवाज सापडेल. अरुंद पट्ट्याने तो दोन-तीन डेसिबल खाली करा, त्याहून जास्त नको.

गाताना गायकाला माइक हातात हवा असेल तर द्या. शुअर एसएम७बी सारखा डायनॅमिक माइक चालतो आणि हातात धरूनही वापरता येतो. कंप्रेसर एका झटक्यात आवळण्यापेक्षा दोन टप्प्यांत चार-पाच डेसिबल दाबा. दिवसाला दोन गाण्यांच्या पुढे किंचाळू नका. घसा दुखू लागला की तंत्र बिघडलेलं असतं, आणि त्यानंतरचे टेक सहसा वापरण्याजोगे नसतात. शब्द रिफच्या रिकाम्या जागांमध्ये पडतील असे बसवा. प्रत्येक रिकामी जागा मात्र शब्दांनी भरू नका, दर चार आवर्तनांत निदान एक कोरी सोडा.

मास्टरिंगला (शेवटच्या जुळवणीला) द्यायच्या मिक्सवर लिमिटर घालून आवाज फुगवू नका. लिमिटर सगळ्यात आधी किक आणि स्नेअरची टोकं छाटतो, म्हणजे ज्या आघातांसाठी एवढं सगळं केलं तेच बोथट होतात. पडताळणी सोपी आहे. मास्टर झालेलं गाणं आणि मूळ मिक्स सारख्या आवाजावर आणा आणि रिफ तुटतो ती जागा दोन्हींत ऐका. मास्टरमध्ये तिथली शांतता आधीएवढी खोल वाटली नाही, झांजेची शेपटी वर उचलल्यासारखी वाटली, तर दोन डेसिबल कमी करून पुन्हा मागवा.

आणि गाण्यांचा क्रम लावताना पहिलं गाणं असं निवडा की पहिल्या अर्ध्या मिनिटात एक तरी पूर्ण, सगळ्यांचा एकत्र थांबा येईल.